शिकाऊ यंत्राच्या शेजारी कोण बसणार? परिवहन आयुक्तांना खुलं पत्र

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी ठाण्यात १९ वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवते आणि स्वतः गाडी शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांत बायका जास्त. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी पन्नाशी उलटल्यावर ‘आता तरी शिकतेच’ म्हणून आलेल्या. आज लिहायला बसले ते ड्रायव्हर नसलेल्या गाडीबद्दल. नियम केंद्र सरकार करतं, हे मला ठाऊक आहे. पण मोटार वाहनांचा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. लायसन्स आपलं खातं देतं, गाडीची नोंद आपल्याकडे होते, आणि उद्या असली गाडी घोडबंदर रोडवर कुणाला धडकली तर तिची तपासणी करायला आपलाच मोटार वाहन निरीक्षक जाणार आहे. म्हणून दिल्लीत नियम लिहून होण्याआधी महाराष्ट्राने आपलं म्हणणं लेखी कळवावं, अशी माझी विनंती आहे. त्या म्हणण्यात काय असावं, ते एका शिकवणाऱ्या बाईच्या नजरेतून सांगते.

माझ्या शिकवणीच्या गाडीला ब्रेक दोन आहेत. एक शिकणारीच्या पायाशी, दुसरा माझ्या. माझ्या ब्रेकच्या रबराचा उजवा कोपरा झिजून आतला पत्रा दिसायला लागला की मी तो बदलते. वर्षातून एकदा तरी बदलावाच लागतो. ही सोय मी हौसेने केलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दुहेरी कंट्रोल लागतोच. त्याच नियमांतला नियम ३ सांगतो की लर्निंग लायसन्सवाल्याच्या शेजारी लायसन्सधारक शिक्षक हवा, आणि तोही गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा, पाटी १८ सेंटिमीटरची. म्हणजे शिकणाऱ्याच्या हाती रस्ता द्यायचा, पण तो शिकतोय हे सगळ्यांना दिसलं पाहिजे आणि शेजारी कोणीतरी जबाबदार हवं, हे आपल्या कायद्याला फार पूर्वीपासून कळलेलं आहे. किती शहाणा नियम आहे हा! मला तोच यंत्राला लावून हवा आहे.

आता एक घडलेली गोष्ट सांगते. माझ्याकडे शिकून पक्कं लायसन्स मिळालेल्या एक बाई नवीकोरी गाडी घेऊन आल्या. म्हणाल्या, “ताई, माझ्याच गाडीवर चार दिवस हात बसवून द्या.” गाडीला एडास होतं, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, लेनमध्ये ठेवणं, गरज पडली तर आपणहून ब्रेक लावणं, हे सगळं. शोरूममध्ये त्यांना सांगितलं होतं, “मॅडम, हायवेला लागलात की अर्धी गाडी तीच चालवते.” डिलिव्हरीच्या दिवशी पेढे मिळाले, चावीबरोबर फोटो काढला, आणि स्टिअरिंगवरची बटणं दहा मिनिटांत दाखवून झाली. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक जाडजूड, पूर्ण इंग्रजीत.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही कापूरबावडीहून मानपाड्याच्या दिशेने निघालो. रस्ता मोकळा, ऊन तिरपं. काटा साठला पोचला तसं डॅशबोर्डवर दोन हिरव्या पट्ट्यांचं चिन्ह उजळलं. मेट्रो चारच्या कामाने त्या रस्त्यावर लेन किती वेळा सरकल्या, याची गणती नाही. नवे पट्टे मारले जातात, पण जुने खरवडून काढत नाहीत, वरून काळा रंग फासतात. रंग उडाला की जुना पट्टा वर येतो, आणि तिरप्या उन्हात तो नव्यापेक्षा जास्त चमकतो. तुमच्या-माझ्या डोळ्यांना कळतं की हा पट्टा मेलेला आहे, कारण तो सरळ मेट्रोच्या पत्र्यांत शिरतो. गाडीच्या कॅमेऱ्याला ते कळलं नाही. स्टिअरिंगला उजवीकडे हलकासा हिसका बसला.

एवढ्याने काही बिघडलं नसतं. हाताने धरून ठेवलं की ते ओढणं लगेच मोडतं. पण त्या बाईंनी हात सैल सोडले. घाबरून नव्हे, विश्वासाने. गाडीला कळतंय, तर आपण मध्ये यायचं नाही, असं त्यांना वाटलं. माझा पाय सवयीने ब्रेकवर गेला आणि खाली नुसती चटई लागली. ती माझी गाडी नव्हती. मी उजवा हात टाकून स्टिअरिंग डावीकडे ओढलं. उजवा आरसा पत्र्याला घासून फटकन मिटला. मागून कोणी नव्हतं, म्हणून आज हे पत्र लिहिता येतंय.

पुढे गाडी बाजूला लावली. पाच मिनिटं आम्ही दोघी गप्प होतो. मग त्यांनी विचारलं, “ताई, चूक कोणाची?”

मी १९ वर्षांत हजारो चुका दाखवल्या आहेत. हाफ क्लचवर उभं राहणं, आरसा न बघता वळणं, हँडब्रेक काढायला विसरणं. चूक कोणाची, हे मला नेहमी सांगता आलं आहे. त्या दिवशी कागदावरचं उत्तर सोपं होतं. सीटवर त्या होत्या, म्हणून त्यांची. कंपनीच्या पुस्तकातही तेच लिहिलेलं होतं, की पूर्ण वेळ जबाबदारी चालकाची. पण ‘अर्धी गाडी तीच चालवते’ असं सांगून ज्याने गाडी विकली, ज्याने जुना पट्टा तसाच ठेवला, आणि ज्याने त्या पट्ट्याला रस्ता समजणारी यंत्रणा बनवली, ते तिघंही त्या उत्तरातून सुटले. हे न्यायाचं आहे, असं मला त्यांच्या तोंडावर म्हणवेना.

आयुक्त साहेब, ही गाडी ‘ड्रायव्हरलेस’ नव्हती. गाड्यांच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या जगभर मानतात. आज आपल्याकडे शोरूममध्ये मिळतात त्या दुसऱ्या पायरीवरच्या. यंत्र स्टिअरिंगही सांभाळतं आणि वेगही, पण लक्ष मात्र माणसाने ठेवायचं. तिसऱ्या पायरीवर माणसाला नजर हटवायची मुभा मिळते आणि यंत्राने हाक मारली की ताबा घ्यावा लागतो. चौथीवर ठरावीक भागात माणूस लागतच नाही. माझ्या अनुभवाने सांगते, सर्वांत फसवी जागा मधली. काहीही काम न करता पूर्ण लक्ष ठेवणं, हे माणसाच्या स्वभावातच नाही. मी ते रोज करते, पण मला त्याचे पैसे मिळतात, त्याचं शिक्षण मिळालं आहे आणि माझ्या पायाशी ब्रेक आहे. तरीही चौथ्या तासाला माझं लक्ष ढळतं, म्हणून सलग तीनच तास घेते.

हेच अमेरिकेत दिसलं. १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीवरच्या गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना उडवलं. त्यांचा जीव गेला. चौकशीत निघालं की यंत्रणेला त्या ५.६ सेकंद आधीच दिसल्या होत्या. पण हे वाहन आहे, दुसरं काही आहे की सायकल आहे, हे ती शेवटपर्यंत ठरवू शकली नाही, कारण झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडेल हा विचारच तिच्यात घातलेला नव्हता. देखरेखीला बसलेली चालक मोबाइल बघत होती. पुढे २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली राहण्याची शिक्षा, मिळालं. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. साडेपाच सेकंद म्हणजे किती, ते गाडी शिकवणाऱ्याला विचारा. तेवढ्या वेळात मी “ब्रेक, ब्रेक” म्हणून, वाट पाहून, शेवटी स्वतः ब्रेक मारून मोकळी झालेली असते.

आणि झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस येणार नाही, हे गृहीत धरलेली गाडी जांभळी नाक्याला पाच मिनिटं तरी चालेल का? तिथे हातगाडी आधी शिरते आणि मागून माणूस दिसतो. माझ्या विद्यार्थिनींना मी पहिल्या आठवड्यात सांगते की रिक्षावाल्याचा इंडिकेटर बघू नका, त्याचा पाय बघा. डावा पाय बाहेर आला की तो डावीकडे घेणार. तीन हात नाक्याला सिग्नल हिरवा असतो आणि वॉर्डन हात आडवा धरून उभा असतो, ऐकायचं वॉर्डनचं. दहीहंडीच्या दिवशी टेंभी नाक्याकडे जाणारा रस्ता सकाळी रस्ता असतो आणि दुपारी नसतो. पावसात सर्व्हिस रोडला पाणी भरलं की खड्डा कुठे आहे ते पुढच्या स्कूटरच्या हेलकाव्यावरून ओळखायचं. आणि नजर! पादचारी तुमच्याकडे बघतो, तुम्ही मान हलवता, तो येतो. ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नसेल तर तो बघणार कुणाकडे?

पक्क्या लायसन्सच्या चाचणीत काय तपासायचं ते त्याच केंद्रीय नियमांतल्या नियम १५ मध्ये आहे. वाहतूक पोलिसाच्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्या खुणा ओळखून तसं वागणं, सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर पायी जाणाऱ्याला आधी जाऊ देणं, रस्ता आणि रहदारी बघून वेग राखणं. माझी विद्यार्थिनी यात चुकली तर आपले निरीक्षक तिला नापास करतात, आणि बरोबर करतात. यंत्रालाही हीच परीक्षा द्या, आणि ती इथेच घ्या. बंदिस्त ट्रॅकवर किंवा परदेशातल्या रुंद रस्त्यांवर मिळवलेला दाखला ठाण्यात चालणार नाही. नवी मुंबईच्या मोकळ्या पाम बीच रोडला पास झालेली गाडी तुर्भ्याच्या बाजार समितीच्या गेटवर पहाटे चार वाजता नापास होऊ शकते, म्हणून परवाना रस्त्यागणिक आणि वेळेगणिक असावा. जर्मनीने २०२१ च्या कायद्यात असंच केलं आहे. ड्रायव्हरविना गाडी फक्त ठरवून दिलेल्या भागात चालते आणि लांबून लक्ष ठेवणारा माणूस नेमावा लागतो.

जबाबदारीचा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३४ सांगतं की अपघात झाला तर ड्रायव्हरने किंवा गाडीचा ताबा असलेल्या व्यक्तीने जखमीला उपचार मिळवून द्यायचे, पोलिसांना कळवायचं. मी हे कलम वर्गात पाठ करून घेते. त्यात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे गाडीतून कोणीतरी खाली उतरेल. २ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोत एका माणसाच्या गाडीने पादचारी बाईंना उडवलं आणि त्या शेजारच्या लेनमधल्या क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीसमोर पडल्या. टॅक्सीने ब्रेक मारला, तरी त्या खाली आल्या. गाडी थांबली. आणि मग नियमाप्रमाणे कडेला जाऊन उभं राहायचं म्हणून ती पुन्हा चालू झाली आणि बाईंना सुमारे वीस फूट फरफटत घेऊन गेली. माणूस ड्रायव्हर असता तर दार उघडून खाली वाकून बघितलं असतं. हे वाचल्यावर मला दोन रात्री नीट झोप लागली नव्हती.

पण त्यापुढचं आपल्या खात्याच्या कामाचं आहे. तिथल्या मोटार वाहन खात्याने २४ ऑक्टोबरला, म्हणजे बावीस दिवसांत, कंपनीचा चालकविरहित परवाना स्थगित केला. फरफटत नेल्याचा भाग आपल्याला सुरुवातीला दाखवलाच नाही, असं खात्याने जाहीरपणे म्हटलं. असा अधिकार आणि अशी हिंमत आपल्याकडे कुणाच्या हाती असेल, ते आधीच ठरलेलं हवं. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात एक चांगली गोष्ट केली. गाडी स्वतः चालणार असेल तर तिच्यामागे एक अधिकृत संस्था नोंदलेली पाहिजे, आणि गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालवण्याचा जाब त्या संस्थेला द्यावा लागेल, आत बसलेल्या माणसाला नव्हे. साध्या मराठीत सांगायचं तर मला एवढंच हवंय की आरसी बुकात मालकाच्या नावाखाली आणखी एक ओळ असावी: यंत्र चालवत असताना चालक कोण. तिथे कंपनीचं नाव, भारतातला पत्ता, आणि समन्स घ्यायला हजर राहणारा माणूस.

माझ्या गाडीत मी ब्रेक मारला की गाडी थांबल्यावर लगेच सांगते, “हा माझा ब्रेक होता.” न सांगितलं तर शिकणारीला वाटतं, आपणच थांबवली. मी वहीत त्या खुणाही करते. पहिल्या दिवशी तीस, दहाव्या दिवशी चार. शून्य आल्याशिवाय मी तिला परीक्षेला पाठवत नाही. कॅलिफोर्नियात चाचणी करणाऱ्या कंपन्यांना दरवर्षी सरकारला कळवावं लागतं की यंत्राकडून ताबा किती वेळा काढून घ्यावा लागला, आणि ते आकडे लोकांसमोर येतात. ती ही माझीच वही! आपल्याकडे चाचणीला परवानगी मिळाली तर ही वही आरटीओच्या संकेतस्थळावर मराठीत, रस्त्याच्या नावासकट, दर महिन्याला दिसली पाहिजे. रस्ता आमचा आहे, पोरं आमची त्याच्यावरून शाळेत जातात, तर त्यांच्यामध्ये शिकणाऱ्याचे मार्क आम्हाला कळायला हवेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम २ब नव्या संशोधनासाठी ठरावीक गाड्यांना कायद्यातून सूट द्यायचा अधिकार केंद्राला देतं. सूट द्यायला माझी हरकत नाही. एल बोर्डाला सूट नको.

आणखी एक. मालकाने गाडीत नोंदीपेक्षा वेगळा बदल करायचा नाही, असं कलम ५२ म्हणतं, आणि सायलेन्सर बदलला तरी पोरं पकडली जातात. पण या नव्या गाड्यांचं सॉफ्टवेअर रात्री घरबसल्या बदलतं. सोमवारी ज्या गाडीने ज्या अंतरावर ब्रेक मारला, ती मंगळवारी तसाच मारेल याची खात्री कोण देतं? चालवण्याशी संबंध असलेला प्रत्येक बदल खात्याकडे नोंदला गेला पाहिजे.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं की ड्रायव्हरलेस गाड्या भारतात येऊ देणार नाही, कारण लाखो ड्रायव्हरांच्या पोटाचा प्रश्न आहे. त्यांची कळकळ मला मनापासून पटते. माझ्याकडे शिकून टॅक्सी चालवणाऱ्या, शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बायका आहेत. एकीने त्या व्हॅनवर दोन मुलींची लग्नं केली. पण ‘येऊ देणार नाही’ हा नियम होत नाही. तो शब्द आहे, आणि शब्द मंत्र्याबरोबर बदलतो. शिवाय त्या शब्दाच्या आडून अर्ध्या स्वयंचलित गाड्या येऊन पोचल्या, विकल्या गेल्या, आणि त्या कशा विकाव्या, कशा शिकवाव्या यावर माझ्या अभ्यासक्रमात एक ओळ नाही. हातांच्या खुणा आहेत, क्लच आहे, एडास नाही.

मी या गाड्यांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहिते. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दारू प्यायलेल्याला, पेंगणाऱ्याला, मोबाइल बघणाऱ्याला यंत्राने वेळेत थांबवलं तर मी त्या यंत्राला नमस्कार करीन. माझे वडील कळव्याला राहतात. काचबिंदूने नजर गेली, तेव्हा त्यांनी लायसन्स स्वतःच्या हाताने माझ्याकडे दिलं. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस आता पारसिकच्या बाजूला राहणाऱ्या मित्राकडे जायला माझ्या रविवारची वाट बघतो. त्यांच्यासाठी अशी गाडी यावी असं मला वाटतं. पण तिच्यात त्यांना बसवायचं, तर तिची परीक्षा झालेली असली पाहिजे आणि तिच्यामागे उभा असलेला माणूस मला ठाऊक असला पाहिजे.

मोठा कायदा होईल तेव्हा होवो. आपल्या हातात असलेल्या काही गोष्टी मात्र याच वर्षी होऊ शकतात. एडास असलेली गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने प्रत्यक्ष रस्त्यावर तासभर शिकवल्याची, आणि ग्राहकाला ते समजल्याची, सही असल्याशिवाय नोंदणी होऊ नये. पुस्तक मराठीत मिळावं. ‘स्वतः चालते’ असे शब्द जाहिरातीत आणि शोरूममध्ये वापरायला बंदी असावी. लर्निंगच्या परीक्षेत यावर दोन प्रश्न यावेत. शिकवायची जबाबदारी आम्ही स्कूलवाले घेतो. आणि रस्त्याचं काम करणाऱ्या कंत्राटदाराला जुना पट्टा खरवडून काढल्याशिवाय बिल मिळू नये, असं आपण संबंधित खात्यांना कळवावं. सदोष रस्त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणाला अपंगत्व आलं तर कंत्राटदारालाही दंड करता येतो, ते कलम १९८अ आहेच.

त्या बाई आता व्यवस्थित चालवतात. लेनची ती सोय त्यांनी घोडबंदरला बंद ठेवली आहे. तो जुना पट्टा परवापर्यंत तिथेच होता. आपल्यापैकी कोणाला बघायचा असेल तर या दिवसांत कोणत्याही रविवारी सकाळी सव्वासहाला माजिवड्याच्या पुलाखाली या. माझी पांढरी गाडी एल बोर्ड लावून उभी असते. साडेसहापर्यंत ऊन बरोबर त्या पट्ट्यावर येतं.

आपली,
ठाण्यातील एक ड्रायव्हिंग प्रशिक्षक